मंडपातली हॉटसीट : टीव्हीवरच्या खेळांची प्रश्नमंजूषा गल्लीत कशी घ्यावी

गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ आमच्या गल्लीत प्रश्नमंजूषेची असते. विषय ठरलेला : टीव्हीवरचे खेळ. इकडे ‘करोडपती’ आणि ‘होम मिनिस्टर’, तिकडे अमेरिकेचं ‘जेपर्डी’ आणि जपानचं ‘ताकेशीज कॅसल’. विषय हलका आहे, म्हणूनच चालतो. सामान्य ज्ञान असं फलकावर लिहिलं की मंडपात स्पर्धा परीक्षेची पाच पोरं उरतात. टीव्ही लिहिलं की भाकऱ्या उरकून आलेल्या काकूसुद्धा हात वर करतात.

सोलापुरात हे काम काही वर्षं केल्यावर एक कळलं. प्रश्न जमवणं सोपं आहे, भांडण न होता दीड तास काढणं अवघड. आणि त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे नियम टीव्हीवाल्यांनी स्वतः ठेचा खाऊन शिकून ठेवले आहेत. म्हणजे ज्या गोष्टी प्रश्न म्हणून विचारायच्या, त्याच नियम म्हणूनही वापरायच्या. खालची सगळी मांडणी त्या हिशेबाने आहे.

दिवस आणि संघ

पहिली गोष्ट, नळाला पाणी यायचा दिवस टाळा. आमच्याकडे रोज पाणी येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई, बाप्या, पोरगं सगळे पाइप आणि बॅरलपाशी असतात. त्या संध्याकाळी खुद्द अमिताभ बच्चन आले तरी गल्ली मंडपात येणार नाही. आरती आटोपल्यावर आठला सुरू करा आणि साडेनऊला संपवा. रात्री दहानंतर माईक चालत नाही.

पाच संघ, प्रत्येकी तीन जण. एकच अट घाला : संघात एक साठीच्या पुढचा, एक पंधराच्या आतला, तिसरा कोणीही. या अटीने अर्धं काम होतं. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ घेणारे सिद्धार्थ बसू आजोबांना आठवतात, १९९३ पासून झीवर ‘अंताक्षरी’ रंगवणारे अन्नू कपूर आणि त्यातले ते दिवाने-परवाने-मस्ताने संघ आईबापांना आठवतात, आणि पोगोवरची जावेद जाफरीची ‘ताकेशीज कॅसल’ची कॉमेंट्री ताईदादांना पाठ असते. पोराला सगळं चालू हंगामातलं माहीत असतं. एकटा कोणीच जिंकू शकत नाही.

बझर विकत आणू नका. पहिला कोण यावरून बझरवर जितकी भांडणं होतात तितकी उत्तरांवरूनही होत नाहीत. प्रत्येक संघाला वेगळा आवाज द्या : एकाला ताट-पळी, एकाला झांज, एकाला पूजेची घंटी, एकाला शिट्टी, एकाला रिकामा तेलाचा डबा. आवाज ओळखायला एक माणूस प्रेक्षकांकडे पाठ करून बसवा. त्याला संघ दिसत नाहीत, नुसता आवाज ऐकू येतो, त्यामुळे त्याच्यावर कोणी पक्षपाताचा आळ घेत नाही.

प्रश्न तपासणं : माझी फजिती

चाळीस प्रश्न विचारायचे असतील तर साठ लिहा. वीस तरी तपासताना गळतात, गळायलाच हवेत.

पहिल्याच वर्षी मी विचारलं, ‘कौन बनेगा करोडपती’चं पहिलं पर्व कोणत्या वाहिनीवर होतं? पोरं एका सुरात ओरडली, सोनी. माझ्या कागदावरही सोनीच होतं. मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, “स्टार प्लस. सोमवार ते गुरुवार, रात्री नऊ.” मी त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, “कागद चुकलाय की बे.” आणि कागद खरंच चुकला होता. ३ जुलै २००० ला तो खेळ स्टार प्लसवर सुरू झाला; सोनीवर तो गेला २०१० मध्ये, चौथ्या पर्वापासून. मी सोनी लिहिलं कारण माझ्या डोळ्यांसमोर आजचा कार्यक्रम होता. आजोबांच्या संघाचे दहा गुण परत दिले, पण ते पुढची दोन वर्षं मला ‘कागदवाला’ म्हणत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. प्रत्येक उत्तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बघायचं, आणि दुसऱ्याने पहिल्याचंच उतरवून घेतलेलं नाही ना, हेही बघायचं. ‘पहिला’, ‘सर्वांत’, ‘एकमेव’ हे शब्द दिसले की लाल पेनाने गोल करायचा. जगातला पहिला टीव्ही गेम शो म्हणून बीबीसीच्या ‘स्पेलिंग बी’कडे बोट दाखवतात, ३१ मे १९३८ चा, पण प्रश्नात ‘मानला जातो’ हे दोन शब्द ठेवलेच पाहिजेत, नाहीतर कोणीतरी हुशार उठून उभा राहतो. तिसरा घातक शब्द ‘सध्या’. पॅट सेजॅकने अमेरिकेतलं ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ १९८१ पासून २०२४ पर्यंत चालवलं, त्रेचाळीस वर्षं! इतकी वर्षं तो प्रश्न पाठ करून ठेवणाऱ्यांचं उत्तर एका उन्हाळ्यात शिळं झालं आणि रायन सीक्रेस्ट आला. ‘जेपर्डी’त ॲलेक्स ट्रेबेक १९८४ पासून २०२० मध्ये वारेपर्यंत होते. म्हणून ‘सध्याचा सूत्रसंचालक कोण’ असं विचारू नका. वर्ष घालून विचारा.

नावं बदलतात ती आणखी वेगळी गंमत. ‘होम मिनिस्टर’ घेऊन आदेश भावोजी पहिल्यांदा घराघरांत शिरले ते २००४ साली. कोणत्या वाहिनीवर? झी मराठी म्हणाल तर चूक. तेव्हा तिचं नाव अल्फा मराठी होतं, झी मराठी झालं २००५ मध्ये. हा प्रश्न मी राखून ठेवतो, कारण पैठणीचं नाव निघताच उत्तर माहीत असल्याची खात्री असलेल्या काकू घंटी वाजवून मोकळ्या होतात.

प्रश्न लिहिणं

‘करोडपती भारतात कधी सुरू झालं’ हा प्रश्न मेलेला आहे. आलं तर आलं, नाही तर नाही. विचार करायला काहीच नाही. त्याच माहितीतून जिवंत प्रश्न असा निघतो :

मूळ खेळ ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९९८ ला सुरू झाला, आपल्याकडे त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. मग शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन पूर्ण रक्कम आधी कुठे जिंकली गेली, ब्रिटनमध्ये की भारतात?

मंडपात लगेच कुजबुज सुरू होते. दोन वर्षं आधीचा म्हणजे ब्रिटन, असं बहुतेक म्हणतात. उत्तर भारत आहे. हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकले २००० च्या ऑक्टोबरात. ब्रिटनमधली पहिली दशलक्ष पौंडांची मानकरी ज्युडिथ केपेल ठरली त्याच वर्षी २० नोव्हेंबरला. उत्तर ऐकल्यावर हरलेल्या संघानेही ‘अरेच्चा’ म्हटलं पाहिजे, हीच प्रश्नाची खरी चाचणी. ‘असेल बाबा’ म्हटलं तर प्रश्न पुढच्या वर्षी काढून टाका.

सोलापुरात आणखी एक हुकमी प्रश्न आहे, आणि तो पुण्या-मुंबईत इतका रंगणार नाही. नागार्जुन, पुनीत राजकुमार, सचिन खेडेकर आणि शाहरुख खान, या चौघांत समान काय? आमच्या मंडपात पूर्वभागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी असतात, अक्कलकोट रस्त्याकडची कन्नड बोलणारी असतात. तेलुगू ‘मीलो एवरू कोटीश्वरुडू’ २०१४ मध्ये नागार्जुनने घेतलं, कन्नड ‘कन्नडद कोट्याधिपती’ २०१२ मध्ये पुनीत राजकुमारने, मराठी ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकरांनी, आणि हिंदीचं २००७ चं पर्व शाहरुखने. एकेका घराला चारातला एकेक नक्की माहीत असतो, चारही कोणालाच नाही. मग संघ एकमेकांत तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत बोलून उत्तर जुळवतात. अशा वेळी माईक बंद करून नुसतं बघत बसावं.

नागराज मंजुळेंचा प्रश्न मात्र विचारू नका. २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ त्यांनी घेतलं आणि ते करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. प्रश्न पुरा व्हायच्या आत पाचही आवाज एकदम वाजतात.

फेऱ्या : प्रत्येक फेरी एका खेळाकडून उसनी

सगळी संध्याकाळ एकाच चालीने घेतली तर तिसऱ्या प्रश्नाला जांभया येतात. मी चार चाली वापरतो.

सुरुवात करोडपतीच्या चालीने, चार पर्याय आणि लाइफलाइन. फोनची लाइफलाइन ठेवू नका, आता फोन म्हणजे इंटरनेटच. पण फोनची एक गोष्ट सांगायला छान आहे : १९ नोव्हेंबर १९९९ ला अमेरिकेत जॉन कार्पेंटरने शेवटच्या प्रश्नावर वडिलांना फोन लावला आणि मदत न मागता सांगितलं की मला उत्तर येतंय, मी दहा लाख डॉलर जिंकणार आहे. आणि जिंकला. प्रेक्षकांचा कौल मात्र जरूर ठेवा. अमेरिकेतल्या त्या खेळात प्रेक्षकांचा कौल ९१ टक्के वेळा बरोबर ठरला होता, फोनवरचा जाणकार मित्र ६५ टक्के. कौल घेताना लोकांना डोळे मिटून हात वर करायला सांगा. डोळे उघडे असले की सगळे शेजारच्या मास्तरांकडे बघून हात वर करतात आणि शंभर माणसांचं मत एका माणसाचं होऊन बसतं.

दुसरी चाल ‘जेपर्डी’ची, उलटी. उत्तर तुम्ही द्यायचं, संघाने त्याचा प्रश्न करायचा. १९६४ मध्ये मर्व्ह ग्रिफिनने हा खेळ आणला, कल्पना त्याच्या बायकोची. मराठीत ही चाल सुरुवातीला अडखळते, म्हणून आधी दोन सराव द्या. मी म्हणतो, “२००४ साली हा गडी सलग ७४ सामने जिंकला.” संघाने म्हणायचं, “केन जेनिंग्स कोण?” नुसतं “केन जेनिंग्स” म्हटलं तर गुण नाही. या फेरीत विषय मोठ्याने वाचून दाखवा आणि संघाकडून वदवून घ्या. २०११ मध्ये आयबीएमचा वॉटसन संगणक याच खेळात जेनिंग्स आणि ब्रॅड रटर दोघांना हरवून गेला, पण ‘अमेरिकेतली शहरं’ या विषयाखाली त्याने उत्तर दिलं टोरांटो. एवढा मोठा संगणक, आणि आपल्या चौथीतल्या पोरासारखा मथळा न वाचताच पेपर सोडवला.

तिसरी ‘फॅमिली फ्युड’ची, १९७६ पासूनची. इथे बरोबर उत्तर महत्त्वाचं नाही, शंभर लोक काय म्हणाले ते महत्त्वाचं. याची तयारी आठवडाभर आधी करावी लागते : दोन पोरांना वही देऊन नवी पेठेत सोडा आणि शंभर जणांना विचारायला लावा, ‘सोलापूर म्हटलं की पहिलं काय आठवतं?’ आमच्या वेळी सगळ्या संघांनी चादर सांगितली. चादर दुसरी होती. पहिलं आलं होतं ऊन.

चौथी चाल वाट्यांची, आणि हिला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो.

तीन स्टीलच्या वाट्या उपड्या ठेवा. एकीखाली शेंगाचटणीची पुडी, दोन रिकाम्या. कुठे काय आहे हे तुम्हाला माहीत हवं. खेळाडू एक वाटी निवडतो, समजा डावीकडची. ती उचलायची नाही. उरलेल्या दोहोंपैकी जी रिकामी आहे ती तुम्ही उचलून दाखवता, समजा मधली. आता विचारा : डावीचीच ठेवणार की उजवी घेणार?

सगळे म्हणतात, दोन उरल्या, म्हणजे निम्मं-निम्मं, बदलून काय उपयोग? उपयोग आहे. पहिल्यांदा बोट ठेवताना तिघांतली एक निवडली, म्हणजे तीनपैकी दोन वेळा ती चुकलेलीच असते. आणि ती चुकलेली असली की उरलेल्यांतली रिकामी वाटी तुम्हाला उचलावीच लागते. मागे राहते ती पुडीची. म्हणून बदलणारा तीनांत दोन वेळा जिंकतो, हट्टाने बसणारा एकदा. पटत नसेल तर घरी तीस वेळा खेळून वहीत रेघा ओढा. आणि हो, तुम्ही स्वतः न बघता वाटी उचलली तर हा हिशेब मोडतो. सगळी जादू तुमच्या माहीत असण्यात आहे.

हा खेळ १९६३ पासूनच्या ‘लेट्स मेक अ डील’च्या तीन दारांवरून आलेला, आपल्याकडे २००१ मध्ये त्याचंच ‘खुल जा सिम सिम’ झालं, अमन वर्मा घ्यायचा. १९९० मध्ये मॅरिलिन व्होस सॅव्हंटने अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात ‘बदला’ असं उत्तर दिलं तेव्हा तुझं चुकलंय सांगणारी हजारो पत्रं आली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. त्यामुळे मंडपात कोणी वाद घातला तर रागावू नका. त्याला पुढे बोलवा आणि वाट्या मांडा.

लबाडी कशी टाळायची

तीन गोष्टी, आणि तिन्हींमागे एकेक प्रकरण.

प्रश्न लिहिणाऱ्याच्या घरचं कोणी खेळात नको. १९५६ मध्ये अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या खेळात हर्ब स्टेम्पेलला निर्मात्यांनी हरायला सांगितलं. ज्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याचं नाव न घेता त्याने मुद्दाम दुसरंच सांगितलं. जिंकला देखणा प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन, ज्याला उत्तरं आधीच पढवली होती. पुढे संसदेसमोर चौकशी झाली आणि १९६० मध्ये असे खेळ ठरवून खेळवणं कायद्याने गुन्हा झालं. माझी बायको दरवर्षी या नियमावर चिडते. विचारायचे प्रश्न तिला आधीच माहीत असतात, कारण साठच्या साठ मी तिच्यावरच तपासतो.

प्रश्नांचा क्रम आधी ठरवू नका, चिठ्ठ्या काढा. १९८४ मध्ये ‘प्रेस युवर लक’ या खेळात मायकेल लार्सन १,१०,२३७ डॉलर घेऊन गेला. फळ्यावरचे दिवे मनाला येतील तसे फिरतात असं सगळ्यांना वाटत होतं. याने घरी कार्यक्रम टेप करून, थांबवून थांबवून पाहिला आणि ते ठरावीक पाच नमुन्यांतच फिरतात हे शोधलं. लबाडी म्हणावी तर नाही, वाहिनीला पैसे द्यावेच लागले. आमच्याकडेही एका पोराने ओळखलं होतं की मी पर्यायांत बरोबर उत्तर बहुतेक वेळा ‘क’ला ठेवतो. आता पर्यायांचा क्रमही मी फासा टाकून ठरवतो.

तिसरं, संघांचे नातेवाईक संघाच्या समोर बसवू नका, मागे बसवा. २००१ मध्ये ब्रिटनच्या करोडपतीत मेजर चार्ल्स इन्ग्रम दशलक्ष पौंडांपर्यंत पोहोचला, पण बरोबर पर्याय उच्चारला की स्टुडिओतून खोकला यायचा, असं नंतर ध्वनिमुद्रणात सापडलं. पैसे दिले नाहीत, आणि २००३ मध्ये तो, त्याची बायको आणि तो खोकणारा, तिघे दोषी ठरले. आता आमच्या रस्त्यांवरच्या धुळीत कोणाला खोकू नका म्हणणं शक्य नाही. नुसतं मागे बसवलं की पुरे. मागच्या खोकल्याचा अर्थ कोणाला लागत नाही.

वाद झालाच तर निकाल एकाच माणसाचा, आणि तो माणूस तुम्ही नव्हे. प्रश्न लिहिणारा स्वतःच्या उत्तराच्या प्रेमात असतो. आमच्याकडे हे काम आता त्या स्टार प्लसवाल्या आजोबांकडे आहे.

बरोबरी झाली तर

शेवटचा प्रश्न माहितीचा ठेवू नका, अंदाजाचा ठेवा. ‘द प्राइस इज राइट’ या खेळाचा नियम यासाठी उत्तम आहे. १९७२ पासून २००७ पर्यंत, पस्तीस वर्षं बॉब बार्करने तो घेतला. वस्तू समोर ठेवायची, प्रत्येकाने किंमत सांगायची. खऱ्या किमतीच्या सगळ्यांत जवळचा जिंकतो, पण किमतीच्या वर गेला की बाद. आम्ही दुकानातून सोलापुरी चादर आणतो, बिल पाकिटात बंद करतो, आणि तीच चादर बक्षीस.

दोन वर्षांपूर्वी चार संघ बरोबरीत आले. पहिला म्हणाला साडेआठशे. दुसरा नऊशे पन्नास. तिसऱ्याने डबल बेडची आहे असं सांगून बाराशे केले. चौथ्या संघाकडून यंत्रमागावर उमेदीची वर्षं घालवलेल्या एक आजी उठल्या. चादरीचं टोक बोटांत धरून बघितलं, उलटी करून बघितली, आणि माईकमध्ये म्हणाल्या, “एक रुपया.”

मंडप हसला. मी म्हणालो, “आजी, एक रुपयाला चादर?”

“तिघं बी वर गेलेत बाळा,” त्या म्हणाल्या. “उघड तुझं पाकीट.”

बिल सातशे ऐंशीचं होतं.